कानामागची चामखीळ

गोमती नगर, लखनऊ
बुधवार, २१ ऑगस्ट १९९६

सौ. नयनाताई जगदाळे यांस,

काल, मंगळवार दिनांक २० ऑगस्ट रोजी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही माझ्या सहा वर्षांच्या नातीच्या कानामागे पेटती उदबत्ती टेकवलीत.

वेळ मला पक्की ठाऊक आहे. स्वरदाने बख्शी का तालाबच्या तुमच्या क्वार्टरमधून मला फोन केला तेव्हा सव्वासहा झाले होते आणि मागे रुचाचं रडणं ऐकू येत होतं. ती तुमचीही नात आहे, असं तुम्ही लगेच म्हणाल. म्हणा. म्हणून काय तिला डागायचं?

हकीकत मला स्वरदाकडून तुकड्यातुकड्यांनी समजली. तुमची सून असल्यामुळे ती तुम्हाला सांभाळून बोलत होती. मी तुमची विहीण आहे, मला तशी गरज नाही. शुक्रवारी तुम्हाला रुचाच्या उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, राखाडी रंगाचा फुगीर दाणा दिसला. तुम्ही ठरवलंत की ती चामखीळ आहे. डॉक्टरला विचारलं नाहीत. एअर फोर्स स्टेशनवर डॉक्टर फुकट आहे, दोन गल्ल्या सोडून आहे, पण तुम्ही गेलात टांगेवाल्याकडे आणि घोड्याच्या शेपटीचा केस मागितलात. तो टांगेवाला तुम्हाला म्हणाला म्हणे, "अम्माजी, पूँछ का बाल? नज़र उतारनी है क्या?" त्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त शंका आली. मग शनिवारी तो केस तुम्ही त्या दाण्याच्या मुळाशी करकचून बांधलात आणि वरून पानाचा चुना लावलात. तीन दिवस पोर तशीच फिरली. आणि काल संध्याकाळी तुमच्या चामखिळीने पाय हलवले.

तो गोचीड होता, नयनाताई. आठ पाय असतात. मोजता येतात.

हे कळल्यावर तरी थांबायचं होतं. तुम्ही त्यावर रॉकेलचा बोळा धरलात, आणि तो सुटेना म्हणून उदबत्ती. पोरीने मान झटकली, कान भाजला, गोचीड फुटला आणि त्याचं तोंड आत राहिलं. ते नंतर डॉक्टरने काढलं. आज तिला ताप आहे.

मी तीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये जीवशास्त्र शिकवलं. सातवीतल्या मुलीला समजेल अशा भाषेत लिहिते. गोचीड कातडीत तोंड रुतवून रक्त पीत असतो. त्याला जाळलं, रॉकेल पाजलं, तेलात बुडवलं किंवा केसाने आवळलं, की तो पोटातली सगळी घाण त्याच जखमेत ओकतो. रोग त्या घाणीतून येतो. म्हणून त्याला चिडवायचं नाही आणि चिरडायचं नाही. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, गोचिडाचं फुगलेलं अंग सोडून अगदी कातडीला लागून त्याचं तोंड धरायचं आणि सरळ वर, एका संथ जोराने ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. निघाला की जागा साबणाने धुऊन स्पिरिट लावायचं, हातही धुवायचे. गोचीड झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकायचा आणि बाटलीवर तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं तर डॉक्टरला दाखवता येतो. यात कुठेही घोडा नाही.

रविवारी रुचा माझ्याकडे होती. तेव्हा तो दाणा मला कुणी दाखवला असता, तर एका नजरेत ओळखला असता.

आज सकाळी विश्वजितचा फोन आला. "आई, सॉरी, पण तुमच्याकडे तो कुत्रा आहे तोवर रुचा तिकडे येणार नाही." हे वाक्य माझ्या जावयाचं नाही. त्याला पंधरवड्यातून एकदा केस कापायचं सुचत नाही, त्याला हे कुठून सुचणार? हे तुमचं आहे. २९ सप्टेंबरला तुम्ही सगळे तेजपूरच्या पोस्टिंगवर निघणार. त्याआधी पाच रविवार आहेत. ते माझे आहेत. गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ती माझ्याकडे असते, आणि मी तिला उदबत्ती फक्त देवापुढे लावायला शिकवली आहे.

बिशप नऊ वर्षांचा, शहाणा कुत्रा आहे. त्याच्या अंगावर गोचीड नाहीत.

तुमचा खुलासा मला लेखी हवा. हे पत्र घेऊन येणारा हणमंत तुमच्या स्टेशनवर कामाला, तुमच्याच कऱ्हाडकडचा आहे आणि शनिवारी पुन्हा हज़रतगंजला कामासाठी येणार आहे. त्याच्याकडे द्या. शनिवारी दुपारी बारापर्यंत.

विजया हर्डीकर


मंगळवार, २७ ऑगस्ट

नयनाताई,

तुमचं पत्र शनिवारी अकरा चाळीसला मिळालं. वेळ पाळलीत, याची नोंद घेतली. पण ते फिक्या निळ्या शाईत आणि मुंग्या चालल्यासारख्या अक्षरात लिहून तुम्ही काय साधलंत? वाचायला मला अर्धा दिवस गेला.

मुद्द्यांना उत्तर देते.

तुम्ही लिहिता, "बाई, म्हशींच्या अंगावरचे पोतंभर गोचीड काढलेत मी या हातांनी, मला गोचीड शिकवू नका." तेच तर मी म्हणते. पोतंभर काढलेत आणि एक ओळखला नाहीत. त्यावर तुमचं स्पष्टीकरण असं, की म्हशीला गोचीड होतो, माणसाच्या पोरीला होईल हे ध्यानात आलं नाही, "आणि तुमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या बाईंच्या घरातून पोरगी गोचीड घेऊन येईल, हे तर स्वप्नातसुद्धा आलं नसतं." हे टोचून लिहिलेलं आहे, हे मला कळतं. मलाही टोचून लिहिता येतं आणि मी ते जास्त चांगलं करते. म्हशीचा गोचीड बोटाने उपटून तुम्ही निखाऱ्यावर टाकता, असंही तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलंय. उघड्या बोटांनी. तो चिरडला आणि बोटाला चीर असली, तर म्हशीचं दुखणं तुम्हाला लागेल. जनावराचा गोचीडही चिमट्यानेच काढायचा, हातात मोजे नसतील तर दुधाची प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. आमचे व्याही राजारामभाऊ गावी एकटे म्हशी बघताहेत, त्यांनाही कळवा. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

दुसरा मुद्दा. तुम्ही लिहिता की रविवारी, १८ तारखेला, मीच रुचाच्या डोक्याला तेल लावलं. रुचा तुम्हाला सांगते, "नानी ने हाथ लगाया था, बोली अच्छा, मस्सा है, दादी ने ठीक बाँधा है."

मुलं काहीही सांगतात.

मी असं म्हणेन का, याचा तुम्हीच विचार करा. चामखीळ आहे आणि तुम्ही ठीक बांधलंत, असं? बारा वर्षांत मी तुमच्या एकाही गोष्टीला ठीक म्हटलेलं नाही. लग्नातल्या जेवणालासुद्धा नाही.

आणि खाली तुम्ही वेगळ्या ओळीत लिहिलंय, "हे मी विश्वजितला सांगितलेलं नाही." का नाही सांगितलंत? माझ्यावर उपकार करताय? मला तुमचे उपकार नकोत. सांगायचं असेल तर सांगा, आणि सांगायचं नसेल तर मला न सांगितल्याचं सांगू नका.

परवाचा रविवार गेला. साडेआठला शिरा केला होता. नऊला बिशप फाटकापाशी जाऊन बसला आणि जीप यायच्या दिशेने तोंड करून पाचपर्यंत बसून राहिला. मी त्याला दोनदा आत बोलावलं. तो आला नाही. शिरा त्यालाच घातला.

शनिवारी मी त्याला स्वतः तपासलं आहे, नाकापासून शेपटीपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. काही नाही. तेव्हा 'बिशप्याला कुठेतरी सोडून या' हा तुमचा सल्ला तुमच्याजवळच ठेवा. त्याचं नाव बिशप आहे. गळ्याभोवती पांढरा पट्टा आहे म्हणून.

ताप उतरला का, एवढंसुद्धा तुम्ही लिहिलं नाहीत. स्वरदाचा फोन हल्ली दोन मिनिटांत संपतो.

वि. ह.


रविवार, १ सप्टेंबर
दुपारचे तीन

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. दुसरा रविवार.

शास्त्र शिकवलेल्या माणसाने निरीक्षण चुकलं तर दुरुस्त करावं, म्हणून दुरुस्त करते. बिशपच्या अंगावर तीन गोचीड सापडले. तीन म्हणजे काही फार नव्हेत. आमच्या मागे रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गवत आहे, त्यात शेजारच्या गावातली गुरं चरतात, पावसाळ्यात कुठल्याही कुत्र्याला होतील. काढले. बाटलीत आहेत, तारखेसकट.

याने तुमच्या उदबत्तीचं समर्थन होत नाही. हे लिहून ठेवा.

वि. ह.


मंगळवार, ३ सप्टेंबर १९९६

नयनाताई,

तीन नव्हते. तेवीस होते.

आता बसून सगळं क्रमाने वाचा, आणि हे पत्र स्वरदाच्या हाती पडू देऊ नका. तुम्हाला अशी गळ घालायची वेळ माझ्यावर आली, याबद्दल माझा राग तुमच्यावरच आहे.

मार्चमध्ये मला डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि उजव्यात धरतो आहे. ऑपरेशन करा म्हणाले. मी केलं नाही. का, ते तुम्हाला पटणार नाही, पण लिहिते. ऑपरेशन म्हणजे पट्टी, पट्टी म्हणजे घरात कुणीतरी हवं, म्हणजे स्वरदाला सांगावं लागणार. ती लगेच म्हणणार, आई, बस झालं एकटं राहणं. मला उचलून तेजपूरला नेऊन बसवणार, तुमच्या शेजारच्या पलंगावर. बिशपला कुणाला तरी देणार. आणि ऑपरेशन होईपर्यंत, जिला धड दिसत नाही तिच्याजवळ पोर दिवसभर सोडायची नाही, असं ठरणार. त्यात त्यांची चूकही नसती. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. जाड निबाने, भिंगाखाली, रेघांच्या कागदावर लिहिते, आणि लोक म्हणतात बाईंचं अक्षर किती टपोरं.

तुमचं पहिलं पत्र मी वाचलेलं नाही. शेजारी गोपीनाथबाबू राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर, सरळ माणूस. त्यांना मराठी येत नाही, पण हिंदीमुळे अक्षरं येतात. त्यांनी एकेक शब्द मोठ्याने वाचला, व्हरांड्यात बसून, चष्मा कपाळावर ढकलत, आणि मी ऐकलं. माझा अपमान मला लखनवी उच्चारांत ऐकावा लागला. संपल्यावर म्हणाले, "मिसेज़ हर्डीकर, समझ में तो नहीं आया, मगर आपकी समधन बड़ा सख़्त लिखती हैं." म्हटलं, "बराबर समझे आप."

त्याच शनिवारी मी बिशपला तपासलं, तेही खरं. डोळ्यांनी नाही, बोटांनी. त्याच्या डाव्या कानाच्या आत मला दाणा लागला. गुळगुळीत, मऊ, हरभऱ्याएवढा. मी स्वतःशी म्हटलं, म्हातारा झाला, चामखीळ आली. आणि पुढे गेले.

हो. चामखीळ.

परवा रविवारी दुपारी गोपीनाथबाबू चहाला आले, तेव्हा बिशप त्यांच्या पायाशी लोळला. ते वाकून बघत म्हणाले, "यह क्या है इसके कान में?" मी म्हटलं, "मस्सा है. उम्र हो गई बेचारे की." त्यांनी कान उलटा धरून बघितला. मग म्हणाले, "मस्सा चल रहा है, मिसेज़ हर्डीकर."

तेव्हा मोजायला लावलं. कानांत, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या मध्ये. ते सांगायचे कुठे, मी चिमटा लावायची, ते म्हणायचे, "नहीं, नीचे. और नीचे. खाल से लगाकर. हाँ, अब खींचिए." मी तीस वर्षं मुलींना जे सांगत आले, ते एक रेल्वेचा बाबू मला सांगत होता. तीन निघाल्यावर मी त्यांना घरी पाठवलं आणि तुम्हाला ते तीनचं पत्र लिहिलं. बाकीचे वीस काल निघाले, त्यांना पुन्हा बोलावून. मग जनावरांच्या डॉक्टरने दिलेल्या औषधाने बिशपला आंघोळ घातली, पावडर लावली, त्याचं पोतं जाळलं, व्हरांडा फिनेलने धुतला, माळ्याकडून फाटकापर्यंतचं गवत कापून घेतलं. बिशपने हे सगळं सहन केलं. तुमच्यापेक्षा तो समजूतदार आहे.

आता रविवार, १८ ऑगस्ट.

रुचा पाटावर बसली होती, मी मागे खुर्चीवर. तेल लावताना बोट कानामागे गेलं. दाणा लागला, त्याच्याभोवती केस लागला. विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "दादी ने बाँधा है. मस्सा है." मी वाकून बघितलं. मला तिथे काही दिसलं नाही, नुसता धुरकट ठिपका. तेव्हा भिंग आणायचं होतं. भिंग आतल्या कपाटात होतं, आणि ते आणलं असतं तर पोरीने विचारलं असतं, नानी, भिंग क्यों? घरी जाऊन सांगितलं असतं. म्हणून मी म्हटलं, "अच्छा, मस्सा है. दादी ने ठीक बाँधा है."

ती खोटं बोलली नाही. मी बोलले, तुम्हाला, दोनदा, लेखी.

त्या दिवशी मी चिमटा उचलला असता तर मंगळवारी तुमच्या हातात उदबत्ती आली नसती. तुम्हाला दिसलं, पण काय ते कळलं नाही. मला कळलं असतं, पण मी बघितलं नाही. दोन आज्या आणि मध्ये एक गोचीड, चार दिवस निवांत जेवत होता.

आणि तुम्ही विश्वजितला सांगितलं नाहीत. काल हणमंतने तुमचं दुसरं पत्र आणलं. ते गोपीनाथबाबूंकडून वाचून घ्यायला मला नको वाटलं, म्हणून भिंग घेऊन दोन तास बसले. चारच ओळी होत्या. ताप उतरला, जखम सुकते आहे. रुचा चित्रात कुत्रा काढते आणि वर बिशप लिहिते, स चा श करून घेतला. आणि शेवटी, "तुम्हाला दिसत नाही, हे मला गेल्या दिवाळीपासून माहीत आहे. रांगोळीवर पाय दिलात तेव्हापासून. मी कुणाला बोलले नाही."

तुमचा मला अत्यंत संताप आला आहे. दहा महिने तुम्ही बघत होतात? मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं तेव्हाही? आणि प्यायलात?

असो. माझा प्रस्ताव असा.

रविवार तीन उरले आहेत. ८, १५ आणि २२. रुचाबरोबर तुम्ही यायचं. स्वतः. विश्वजितला सांगा की बाईंचा कुत्रा स्वच्छ आहे की नाही हे मी जातीने तपासणार, मगच पोर आत जाईल. तो तुमचं ऐकतो. आल्याबरोबर बिशपचे कान, काखा, पाय, गळपट्टा तुम्ही बघायचं. संध्याकाळी निघताना रुचाला बघायचं, कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्यांच्या मागे, बेंबीत. तुमची नजर घारीची आहे, हे मला मान्य करावं लागतं. सापडला तर ओरडायचं नाही, कुठे ते सांगायचं. कसा काढायचा ते मी शेजारी बसून सांगेन आणि तुम्ही तसंच करायचं. काडेपेटी, रॉकेल, चुना आणि घोडा, चारही गोष्टी बख्शी का तालाबला ठेवून यायच्या.

हणमंतबरोबर या पत्रासोबत चिमटा पाठवते आहे. रुमालात गुंडाळलेला आहे, टोकं जपा. १९६३ साली मी नोकरीला लागले तेव्हा शाळेने दिलेला. आजवर कुणाच्या हातात दिलेला नाही, स्वरदाच्यासुद्धा नाही. तोवर पिकल्या केळीच्या सालावर तीळ चिकटवून सराव करा, तीळ फुटता कामा नये आणि साल सोलवटता कामा नये. चिमटा मला परत हवा. पोस्टाने नको, हणमंतबरोबर नको. रविवारी नऊ वाजता, तुमच्या हाताने.

डोळ्यांचं स्वरदाला मी सांगेन. बावीस तारखेनंतर, माझ्या तोंडाने. तोवर तुम्ही दहा महिने जे केलंत तेच करा. त्याबद्दल आभार मानण्याचा माझा इरादा नाही.

येणार की नाही, ते मला लेखी कळवा. फोन चालणार नाही, फोनवर तुम्ही नुसतं हूं करता. शुक्रवार, ६ सप्टेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत पत्र माझ्या हातात पडलं पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने आलेलं उत्तर मी नकार समजेन आणि शिरा करणार नाही.

काळ्या शाईने लिहा. अक्षर मोठं काढा. या वेळी मला स्वतः वाचायचं आहे.

विजया हर्डीकर